अहमदाबादच्या जुन्या शहरात मुक्काम: पोळीतली हवेली की लाल दरवाजाकडचं हॉटेल?

भटकी_मृदुला

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अहमदाबादला जायचं ठरतंय. माणसं चार: मी, नवरा, आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला असलेली लेक आणि सासूबाई. सासूबाई एकाहत्तरच्या आहेत. गुडघे कुरकुर करतात, पण फिरण्याचा उत्साह आम्हा तिघांना पुरून उरेल इतका. डोंबिवलीहून निघून बोरिवलीला गुजरात मेल पकडायची, तीन रात्री राहायचं, असा बेत आहे.

साबरमतीच्या पलीकडे काचेच्या हॉटेलात उतरायचं आणि रोज टॅक्सी करून जुनं शहर 'बघायला' यायचं, हे मला नकोय. लेकीला लाकडी कोरीवकाम बघायचंय, स्केचबुक घेऊन तासन्‌तास बसायचंय. मलाही सकाळी दार उघडलं की जुन्या गल्लीत पाऊल पडावं असं वाटतं. म्हणून जुन्या शहरातच मुक्काम शोधतेय.

पण गेले चार दिवस साइटी बघून डोकं भणभणलंय. प्रत्येक जण म्हणतो आम्ही शहराच्या अगदी मध्यात. प्रत्येकाचे फोटो तेच: झोपाळा, रंगीत काचा, पितळी हंड्यात झेंडूची फुलं. आता तीन पर्याय उरलेत. एक खाडियात, पोळीच्या (म्हणजे एकाच दरवाजाच्या जुन्या गल्लीवस्तीच्या) आत, जुन्या घराचं केलेलं. दुसरा लाल दरवाजाजवळचा मोठा जुना बंगला. तिसरा रिलीफ रोडवर, नावात 'हेरिटेज' आहे, पण फोटो नीट पाहिले तर इमारत फार जुनी वाटत नाही. बजेट रात्रीला एका खोलीचे चार-साडेचार हजार, थोडं वरखाली चालेल.

यातून निवडायचं कसं? फोन करून काय विचारू? पोळीत राहिलेलं कुणी आहे का इथे?

---

सरळमार्गी

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ज्येष्ठ माणूस बरोबर असताना हवेली-बिवेलीच्या फंदात पडू नका. आश्रम रोड किंवा नवरंगपुऱ्याला लिफ्टवालं साधं हॉटेल घ्या. मेट्रो झाल्यापासून जुनं शहर लांब राहिलेलं नाही. घीकांटा आणि काळुपूर ही दोन्ही भुयारी स्टेशनं जुन्या शहराच्या पोटातच आहेत. दिवसभर हिंडा, रात्री गरम पाण्याने आंघोळ करून शांत झोपा. हेरिटेज म्हणजे गीझर बंद आणि वायफाय रुसलेलं, असा माझा तरी अनुभव. (अहमदाबादचा नाही, राजस्थानातला.)

---

खाडियातला_मराठी

सरळमार्गी, गीझरचं दुःख राजस्थानातलं आणि शिक्षा आमच्या अहमदाबादला, हा कुठला न्याय? 🙂

मृदुलाताई, माझा जन्म खाडियातल्या पोळीतला. आमचे पूर्वज गायकवाडीत कारकुनीला आले ते इथलेच झाले. मी आता मणिनगरला राहतो, पण काका-काकू अजून पोळीतल्या घरात आहेत, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी चक्कर असतेच. माझं मत पोळीच्या बाजूने झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा.

आधी जागा समजून घ्या. कोटाच्या आतलं शहर, म्हणजे १४११ मध्ये अहमदशहाने वसवलेलं, पश्चिमेला नदीकडे भद्र आणि पूर्वेला काळुपूर स्टेशन, एवढ्यात मावतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला अर्धा-पाऊण तास. मधून दोन मोठे रस्ते जातात, गांधी रोड आणि रिलीफ रोड. रिलीफ रोडचं खरं नाव टिळक मार्ग आहे, पण रिक्षावाल्याला तसं सांगू नका, तो तुम्हाला भलतीकडे नेईल. भद्रचा किल्ला, तीन दरवाजा, जामा मशीद, माणेक चोक हे सगळं गांधी रोडच्या आसपास एका ओळीत येतं. खाडिया या ओळीच्या दक्षिणेला, रायपूर आणि अस्टोडियाकडे. म्हणजे तुमच्या तिन्ही जागा खोटं बोलत नाहीयेत. तिन्ही मध्यातच आहेत, पण तिथलं राहणं तीन वेगळ्या गावांत राहिल्यासारखं आहे.

लाल दरवाजाची बाजू: गाडी थेट दारात येते. समोर सिदी सैयदची मशीद, १५७२-७३ ची, जिच्या झाडाच्या जाळीचं चित्र तुम्ही शंभर ठिकाणी पाहिलं असेल. जाळी मागच्या, पश्चिमेच्या भिंतीत आहे, रस्त्यावरूनही दिसते. दिवे लागल्यावर सासूबाईंना तिथे नक्की न्या. तुम्ही म्हणताय तो जुना बंगला मंगळदास शेठांचा असावा, हाउस ऑफ एमजी. १९२४ चा, गिरणीमालकाचा बंगला. म्हणजे ती पोळीतली हवेली नव्हे, पैसा आल्यावर पोळीबाहेर पडलेल्या माणसाची वास्तू आहे. मोठे व्हरांडे, उंच छत, ऐसपैस जिने. गच्चीवर गुजराती थाळी मिळते. ती रात्री सावकाश जेवायची, घाई असेल तर जाऊच नका. बजेटच्या वर जाईल बहुतेक. उणी बाजू एकच: बाहेर पाऊल टाकलं की बसस्टँड, रिक्षा, फेरीवाले. एएमटीएसच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, बसचं मुख्य ठाणं तिथेच आहे. पाठीमागची खोली मागा.

रिलीफ रोड: त्या रस्त्यावर मोबाइलचे कव्हर आणि चार्जर मिळतात. ते हवे असतील तर उतरा.

आता खाडिया. इथे जरा थांबतो, कारण लोक फोटो बघून येतात आणि पहिल्या दहा मिनिटांत गडबडतात. पोळ म्हणजे एक दरवाजा, आत एक गल्ली, गल्लीला फुटलेल्या आणखी गल्ल्या, त्यातल्या बऱ्याच पुढे बंद. रिक्षा पोळीच्या दरवाजापर्यंत, फार तर चार घरं आत. पुढे पायी. गल्लीत एक गाय, सात-आठ ॲक्टिवा आणि ओटल्यावर बसलेली मंडळी, जी तुम्ही कुणाकडे उतरलात हे तुमच्या आधी जाणून असतात. सामान ओढायला फरशी सरळ नसते.

आणि जिना. ताई, हेच मला मुख्य सांगायचंय. काकांच्या घरचा जिना असा आहे: लाकडी, एकसंध फळ्यांचा, शिडीपेक्षा किंचित बरा. पायरीवर अख्खं पाऊल मावत नाही, त्यामुळे उतरताना अंग तिरकं करून उतरायचं. वरच्या तुळईला बांधलेला दोर मधोमध लोंबतो, तो धरायचा. दोराला इतक्या पिढ्यांचे हात लागलेत की तो काळा तुळतुळीत झालाय. काकू पंचाहत्तरीच्या आहेत आणि त्या दोराला धरून हातात चहाचा कप घेऊन खाली येतात. पण त्या त्या घरात चाळीसहून जास्त वर्षं चढउतार करतायत. तुमच्या सासूबाईंना रात्री दोनला बाथरूमला जायला तो जिना उतरावा लागला तर सहलीची वाट लागेल.

म्हणून फोन केलात की खोलीचा फोटो मागू नका, जिन्याचा मागा. पायरीवर माणूस उभा करून काढलेला. जो मालक जिन्याचा फोटो पाठवायला टाळाटाळ करेल, तिथे पुढे बोलणंच नको. पाठवलाच, तर पुढचे प्रश्न: खोली कितव्या मजल्यावर, बाथरूम त्याच मजल्यावर आहे का, खोलीची खिडकी चौकात उघडते की गल्लीत, आणि पोळीच्या दरवाजापासून घर किती पावलांवर. 'पाच मिनिटं' हे उत्तर घेऊ नका, पावलं किंवा घरं मोजायला सांगा.

चौकाकडची की गल्लीकडची, हा वादाचा विषय आहे. गल्लीकडे झरोका मिळतो, पण समोरचं घर इतकं जवळ की त्यांच्या टीव्हीवरची मालिका तुम्हीही बघाल. चौकाकडची खोली थंड, अंधारी, गल्लीचा आवाज कमी, मात्र घरातल्या घरात काय चाललंय ते सगळं ऐकू येतं. मी चौकाकडची घेईन. पारव्यांची घुमघुम दोन्हीकडे सारखीच, त्यावर इलाज नाही.

सकाळ सहाला सुरू होते. देरासरची (जैन मंदिराची) घंटा, दूधवाला, ओटला धुण्याचा आवाज, आणि जामा मशिदीजवळ असाल तर त्याआधी अजान. ज्यांना हे नको ते सरळमार्गींचं ऐका, त्यांचं चुकत नाहीये.

एक आवाज मात्र तुम्हाला नसेल. साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी कमुरता, म्हणजे आपला धनुर्मास. तेव्हा गुजरातेत लग्नं लागत नाहीत. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुरुवातीला जुन्या शहरात मध्यरात्रीपर्यंत वरातीचा डीजे असतो, तो तुमच्या तारखांना नसणार.

माणेक चोकाच्या अगदी वर किंवा लागून असलेली खोली घेऊ नका. दिवसा सराफबाजार, रात्री दुकानं बंद झाली की त्याच जागेत खाण्याच्या गाड्या. भाजीपाव, कुल्फी, पाइनॅपल सँडविच नावाचा एक प्रकार (लेकीला आवडेल, तुम्हाला नाही). मध्यरात्र उलटेपर्यंत तवे वाजत असतात. चालत जाता येईल इतकं जवळ राहा, झोपता येणार नाही इतकं नको.

---

लाकूडकाम

वरच्या प्रतिसादाला +१, विशेषतः जिन्याच्या फोटोला.

मी जुन्या वाड्या-घरांच्या डागडुजीचं काम करते, मुख्यतः पुण्यात, पण अहमदाबादला कामानिमित्त जाणं झालंय. तुमच्या लेकीसाठी थोडं लिहिते.

फोटोवरून जुनं घर आणि जुनं दाखवलेलं घर ओळखता येतं. कोरीव तोडी बघा, खांबाच्या माथ्यावरचा किंवा सज्जाखालचा तो नक्षीदार तुकडा. तोडीचं काम वरचा भार पेलायचं. तिच्या वर तुळई नाही, सज्जा नाही, नुसती रंगवलेली सपाट भिंत आहे, असं दिसलं की समजायचं, तो तुकडा दुसरीकडचं घर पाडल्यावर बाजारातून आणून खिळ्याने ठोकलाय. खांबाच्या तळाशी दगडी बैठक असते, लाकूड ओलीपासून वर राहावं म्हणून. फरशीतून थेट लाकडी खांब उगवलेला दिसला तर आत बहुधा सिमेंटचा खांब आणि बाहेर फळ्यांचं वेष्टन. जुन्या भिंतींत विटांच्या थरांमध्ये आडवी लाकडं घातलेली असतात. जिथे गिलावा सोललाय तिथे ती दिसतात. २००१ च्या भूकंपात अशी बरीच घरं न पडता तगली, त्यामागे भिंतीला लवचिकपणा देणारी ही लाकडं होती. तिला म्हणावं, कोरीवकाम सगळेच काढतात, तू हा सांधा काढ.

बाथरूमबद्दल. या घरांत वरच्या मजल्यावर पाण्याची सोय मुळात नव्हतीच. आता पाहुण्यांसाठी प्रत्येक खोलीला जोडून बाथरूम काढतात. ओल लाकडात उतरू नये म्हणून फरशी उचलावी लागते, त्यामुळे दारात एक उंच उंबरठा येतो. चांगल्या केलेल्या घरात बाथरूम लहान आणि उंबरठ्याचं असणार. मोठं, ऐसपैस, टबवालं बाथरूम तिसऱ्या मजल्यावर दिसलं तर मला तरी त्याच्या खालच्या तुळईची काळजी वाटेल. सासूबाईंसाठी उंबऱ्याची उंची विचारून घ्या.

रिलीफ रोडच्या तुमच्या तिसऱ्या पर्यायाबद्दल न बघताच सांगते, सोडून द्या.

---

खाडियातला_मराठी

लाकूडकाम, काकांच्या पडवीत ती आडवी लाकडं उघडी पडलीत, मी लहानपणी त्यांवर पाय देऊन माळ्यावर चढायचो. आता कळलं आजी का ओरडायची.

---

भटकी_मृदुला

बाप रे, केवढं शिकवलंत. तिसरा पर्याय बाद. (फोटोतली तोडी पाहिली. वर काहीच नाही. लेक हसून हसून लोळली.)

संध्याकाळी सासूबाईंना धागा वाचून दाखवला. जिन्याचा भाग ऐकून त्या म्हणाल्या, "मी वाईच्या वाड्यात वाढलेय, मला कसले जिने दाखवता?" तर आता घरात दोन तट पडलेत. नवरा लाल दरवाजा म्हणतो, सासूबाई खाडिया म्हणतात.

मग एक तोडगा सुचला: दोन रात्री लाल दरवाजाला आणि एक पोळीत? म्हणजे दोन्हीची मजा. आणि गुजरात मेल पहाटे पोचते, खोली दुपारी मिळणार, तोवर चौघांनी काय करायचं?

---

खाडियातला_मराठी

तोडगा कागदावर छान आहे, पण करू नका. तीन रात्रींत मुक्काम हलवायचा म्हणजे मधला अख्खा दिवस सामान बांधा, बिल भरा, नवी खोली कधी मिळेल ते विचारा, यात जातो. तरुण मंडळी असती तर गोष्ट वेगळी. एकच जागा धरा.

आणि सासूबाईंचा मुद्दा मला पटतो. वाईच्या वाड्यात वाढलेल्या बाईला तुम्ही गिरणीमालकाच्या व्हरांड्यात बसवाल, तर त्या चहा छान पितील, पण त्यांना घर भेटणार नाही. पोळीत ओटल्यावर बसल्या की अर्ध्या तासात शेजारीण येऊन त्यांच्या गुडघ्यावर औषध सांगेल. भाषेची अडचण येणार नाही. मराठी आणि गुजराती म्हाताऱ्या एकमेकींशी कुठल्या भाषेत बोलतात हे मला आजवर कळलेलं नाही, पण बोलतात.

तेव्हा शोध एवढाच करा: खाडियात तळमजल्यावर एक खोली देणारं घर. जुन्या घरांची रचना सांगतो, म्हणजे फोनवर नीट बोलता येईल. ओटल्यावरून आत गेलं की खडकी, म्हणजे दारालगतची छोटी जागा, मग उघडा चौक, चौकाला लागून परसाळ, म्हणजे आपली ओसरी, आणि सगळ्यात आत ओरडो, म्हणजे आतली बंद खोली. बरेच मालक तळमजला जेवणाला आणि बसायला ठेवतात, खोल्या वर देतात. पण काहींनी परसाळेच्या बाजूला एक खोली काढलेली असते, बहुधा स्वतःच्याच घरातल्या म्हाताऱ्यांसाठी. साइटवर ती दिसत नाही, मागितली की मिळते. सरळ विचारा, "नीचे एक रूम है क्या, बा के लिए?" 'बा' म्हणजे आई-आजी, तसं म्हटलंत की अर्धं काम झालं. सासूबाई खाली, तुम्ही वर, लेकीला सगळ्यात वर गच्चीजवळ. ढाळनी पोळमधल्या फ्रेंच हवेलीसारख्या घरांचे फोटो बघून ठेवा, म्हणजे चौक, झरोके, गच्ची हे नीट दुरुस्त केल्यावर कसं दिसतं याचा अंदाज येईल. नाहीच मिळाली तळमजल्याची खोली, तर मग नवऱ्याचं ऐका आणि पोळी पायी हिंडा.

चौक असेल तर टांकं आहे का तेही विचारा, उगाच, लेकीसाठी. चौकाखाली पावसाचं पाणी साठवायचं बांधीव टाकं, गच्चीवरचं पाणी नळीने खाली उतरतं. काकांकडे अजून चालू आहे. झाकण वर केलं की गार हवा तोंडावर येते, उन्हाळ्यात आम्ही मुलं पाळीपाळीने तोंड घालून बसायचो.

पहाटेचं सांगतो. स्टेशनवरून रिक्षा करून आधी मुक्कामाच्या जागी जा, सामान टाका, चहा मागा. पोळीतली माणसं पहाटे उठलेलीच असतात, तिथे हॉटेलसारखं "चेक-इन बारा वाजता" म्हणून तोंड फिरवत नाहीत. सासूबाईंना तिथेच टेकू दे. तुम्ही तिघं काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरात जा. महापालिकेचा हेरिटेज वॉक तिथून सकाळी निघतो, १९९७ पासून चालू आहे. वेळ आणि नोंदणी आधी बघून ठेवा. कवी दलपतरामांचा चौक, देरासरं, चबुतरे (पक्ष्यांना दाणे घालायचे खांब) करत करत जामा मशिदीपाशी सोडतात. पोळींतून पोळींत जायचे चोरवाटेसारखे रस्ते आहेत, ते नकाशात सापडत नाहीत, त्यासाठी तरी पहिल्याच दिवशी हा वॉक करावा. मग उरलेले दिवस स्वतः हिंडता येतं. जामा मशीद १४२४ ची आहे. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ टाळून जा.

आणि आपल्या माणसांसाठी एक जादा जागा: रायखडची गायकवाड हवेली आणि भद्रमधलं भद्रकालीचं देऊळ. १७५३ मध्ये राघोबादादा आणि दमाजी गायकवाडांनी शहर घेतलं, मधली काही वर्षं सोडली तर १८१७ मध्ये इंग्रजांकडे जाईपर्यंत पेशवे आणि गायकवाड असा दोघांचा अंमल होता. हवेली बरीच वर्षं पोलिसांच्या वापरात राहिली, तेव्हा आत जाण्याची आशा ठेवून जाऊ नका. बाहेरून बघायची आणि पुढे जायचं.

---

उन्हात_उभी

मी आईला घेऊन पोळीतल्याच एका घरात राहिले होते, नाव घेत नाही कारण तक्रार सांगतेय. फोटोतली खोली एक आणि मिळालेली दुसरी, असं झालं. "तीच आहे, फक्त वरची" म्हणाले. वरची म्हणजे पत्र्याखालची. मालक प्रेमळ, नाश्ता उत्तम, भांडायला जीव होईना. तेव्हापासून मी खोलीचं नाव किंवा नंबर व्हॉट्सॲपवर लिहून घेते: "अमुक तारखेला, तळमजला, परसाळेजवळची खोली, बाथरूम जोडून." त्यांच्याकडून 'हां जी' आलं की मगच पैसे.

अजून एक. डिसेंबरात अहमदाबादची दुपार छान असते, पण जुन्या घरात रात्री फरशी चांगलीच गार पडते. सासूबाईंसाठी मोजे आणि घरात घालायच्या रबरी चपला न्या. जिन्यावर मोजे घालून जाऊ देऊ नका.

---

सरळमार्गी

मी हरलो. पण मेट्रोचं लक्षात ठेवा, साबरमती आश्रमाच्या बाजूला जाताना उपयोगी पडेल. जुन्या शहरातून चारचाकीने दुपारी बाहेर पडणं म्हणजे तास गेला.

---

भटकी_मृदुला

जमलं! म्हणजे जवळपास.

सात ठिकाणी फोन केले. जिन्याचा फोटो म्हटल्यावर दोघे हसले, एकाने "मॅडम, जिना तो जिना है" म्हणून फोन ठेवला, एकीने मात्र पाच मिनिटांत पाठवला. स्वतःच्या सासऱ्यांना पायरीवर उभं करून! दोरही आहे. घर खाडियात. परसाळेला लागून तळमजल्यावर खोली आहे, त्यांच्या बांची होती, आता रिकामी असते, साइटवर टाकलेलीच नाही. बाथरूमचा उंबरा वीतभर, पण बाजूला धरायला दांडा बसवलाय. आम्हा तिघांना पहिल्या मजल्यावर चौकाकडची मोठी खोली. टांकं आहे, बंद आहे, पण झाकण उघडून दाखवीन म्हणाली. 'उन्हात_उभी' म्हणतायत तसं सगळं लिहून घेतलंय. बजेटमध्ये बसतंय.

नवऱ्याला लाल दरवाजाच्या गच्चीवरची थाळी कबूल करून गप्प केलंय.

आता दोनच शंका. रिक्षाला काय सांगायचं, पोळीचं नाव की आणखी काही? आणि २५ ते ३१ या तारखांना गर्दी किती?

---

खाडियातला_मराठी

सासऱ्यांना पायरीवर उभं केलं म्हणजे घर चांगलं आहे, डोळे मिटून जा.

रिक्षाला पोळीचं नाव सांगू नका. एकाच नावाच्या किंवा सारख्या नावांच्या पोळी आहेत, आणि नवीन पोरांना सगळ्या माहीत नसतात. 'खाडिया चार रस्ता' सांगा. तिथे उतरून घरी फोन लावा, कुणीतरी न्यायला येईल. आलेला मुलगा बॅग डोक्यावर घेईल, घेऊ द्या. स्टेशनवर मीटरने चला म्हणा किंवा ॲपवरून रिक्षा बोलवा. अंतर अगदी थोडं आहे, तेव्हा कुणी मोठा आकडा सांगितला तर पुढच्या रिक्षाकडे वळा.

गर्दी: त्या आठवड्यात कांकरिया तलावावर कार्निव्हल असतो, २५ ते ३१. संध्याकाळी मणिनगर-कांकरियाकडे गाड्या हलत नाहीत. खाडियाला त्याचा त्रास नाही, पण तिकडे जायचं असेल तर सकाळी जा. परदेशातून आलेली गुजराती मंडळी त्या दिवसांत घरी असतात, त्यामुळे माणेक चोकात रात्री जागा मिळायला वेळ लागेल. साडेआठच्या आत किंवा अकरानंतर. कॅलिको म्युझियम बघायचं असेल तर त्याची नोंदणी आजच करा, ते शाहीबागला आहे, पूर्वनोंदणीशिवाय आत सोडत नाहीत.

रविवार मध्ये येत असेल तर एलिस ब्रिजखाली नदीकाठी गुजरीबाजार भरतो. जुनी कुलपं, दाराच्या कड्या, पितळी हँडल, लाकडी तुकडे. लेकीला मोकळं सोडा, पण कोरीव तोडी विकत घेऊ देऊ नका, नाहीतर लाकूडकाम तिला माफ करणार नाहीत.

काकांच्या घरी चालू टांकं बघायचं असेल तर तारीख व्यनि (खासगी निरोप) करा. काकूंना आधी कळवावं लागेल, त्या हांडवो (डाळ-तांदळाच्या पिठाचा जाड भाजलेला प्रकार) केल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत आणि त्याचं पीठ आदल्या दिवशी भिजवावं लागतं.